उताराला धरणारे बैल

आमच्या वर्कशॉपच्या खिडकीत तेव्हा वीतभर लांबीची एक लाकडी गाडी ठेवलेली असायची. चाकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले आणि बाजूला तारेचा एक दांडा. दांडा ओढला की लाकडाच्या दोन चकत्या चाकांना जाऊन भिडायच्या आणि चाकं जागच्या जागी थांबायची. सहादेव पहिल्यांदा ती गाडी बघायला आला तेव्हा त्यानं तो दांडा किती वेळा ओढला हे मी मोजलं नाही, पण माझा चहा संपला तरी त्याचं चाललंच होतं. शेवटी मी खेकसलो, "अरे बाबा, मोडेल ती! खेळणं आहे का?"

त्यानं चटकन हात मागं घेतला आणि धोतराला पुसला. मग हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यो दांडा खऱ्या गाडीला बसनार हाय व्हय?"

"बसणार की. त्यासाठीच तर एवढी उठाठेव चाललीय."

तो हसला. सहादेवचं हसणं मला पुढं वर्षभर बघायला मिळालं, पण तसं मोकळं पुन्हा दिसलं नाही.

मी त्या काळात कोपरगावच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात ट्रेसर होतो. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा पातळ कागदावर शाईनं गिरवायचा आणि चुकलं की शिव्या खायच्या. कारखान्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक भांडायला येतात, आणि माझं भांडण कारखान्याशी नाहीच. ते कुणाशी आहे हे मला इतक्या वर्षांत धड ठरवता आलेलं नाही.

आमचे इंजिनिअर होते श्रीमंत गलांडे. बेलापूरचे, शेतकऱ्याच्या घरातले आणि त्या घराण्यात पहिलेच शिकलेले. वडिलांच्या दावणीला सहा बैल होते, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. ऊस वाहायला तेव्हा लाकडी चाकाच्या, लोखंडी धावेच्या गाड्या होत्या. त्या जड असत आणि रस्त्याची पार चाळण करून टाकत. कारखान्यानं ठरवलं की आता रबरी टायरच्या गाड्या करायच्या आणि त्या गाडीवानांना वापरायला द्यायच्या. गलांड्यांच्याही वर जे थोरले साहेब होते त्यांचं म्हणणं होतं की दुसऱ्या कारखान्याचा नकाशा आणा आणि तसाच ठोका. पण गलांडे हट्टाला पेटले. म्हणाले, "बैल त्यांचे, खांदा त्यांच्या बैलांचा, रस्ता ते रोज तुडवतात. मग नकाशा काढायच्या आधी त्यांना नको का विचारायला?"

मला हे फार आवडलं होतं. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, चला, एक तरी शहाणा साहेब भेटला.

ही एकाहत्तरच्या डिसेंबरातली गोष्ट. रेडिओवर लढाईच्या बातम्या होत्या आणि वर्कशॉपमध्ये आमची ही लाकडी गाडी. ऊसतोडीच्या टोळ्यांमधले गाडीवान येऊन ती बघून जायचे. कुणी म्हणायचा जू खाली घ्या, कुणी म्हणायचा बैलांमधली दांडी लांब करा. गलांडे प्रत्येकाचं ऐकून वहीत टिपून ठेवायचे, आणि खरंच सांगतो, दोन-तीन गोष्टी अशा निघाल्या की ज्या पुस्तकात सापडल्या नसत्या. जुवाखालची जागा चार बोटं वाढवायची हे एका म्हाताऱ्या गाडीवानानं सांगितलं आणि ते अगदी बरोबर होतं.

सहादेव पाथर्डीकडचा. कोरडवाहू बाजरीचं रान, दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत घालून गोदावरीच्या काठाला यायचं, ऊस तोडायचा आणि वाहायचा, उन्हाळ्यात परत जायचं. पंधराव्या वर्षापासून तो हेच करत होता. मी बघितला तेव्हा पस्तिशीचा असेल. उंच, थोडा वाकलेला, बोलायला घाबरणारा. बायको झुंबरबाई बुटकी, पण तोंडानं भलतीच फटकळ. मुलगी गावी आजीजवळ ठेवलेली. दोन बैल. त्यातला हरण्या बाजारातून आणलेला आणि पाखऱ्या घरच्या गाईचा. गाय विताना मेली म्हणून पाखऱ्याला झुंबरबाईनं वाटीनं दूध पाजून वाढवला होता. तेव्हा तिचं लग्न नुकतंच झालं होतं. सासरी आल्यावर आपल्याशी पहिल्यांदा बोललं ते हे वासरू, असं ती म्हणायची.

जानेवारीत जुवाची उंची ठरवायची होती म्हणून गलांड्यांनी मला टेप घेऊन टोळीवर पाठवलं. उसाच्या पाचटाच्या कोप्या, टोळीची झोपडी म्हणजे कोपी, ओळीनं उभ्या होत्या. बैलांपुढं उसाच्या शेंड्यांचे, म्हणजे वाढ्यांचे भारे पडलेले. मी एकेका बैलाचा खांदा मोजत चाललो होतो. झुंबरबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "बैलं मोजताय, तर आमचं बी खांदं मोजा की भाऊसाहेब. गाडी काय एकटी बैलंच वढत्यात व्हय?"

बायका हसल्या, मीही हसलो. असल्या चेष्टेला काय उत्तर द्यायचं? मी पुढं गेलो.

पाखऱ्याला टेप लावताना मला काहीतरी वेगळं वाटलं. मला बैलातलं काही कळत नाही, माझे वडील शिंपी होते. पण रेघ सरळ आहे की वाकडी हे मला कळतं. पाखऱ्याचा मागचा डावा खुबा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता आणि त्या पायावर तो भार देत नव्हता.

"याला काही झालंय का?" मी विचारलं.

सहादेव पटकन पुढं आला आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "न्हाई न्हाई. जित्राब हाय, उभं ऱ्हातंय कसंबी."

मी विषय सोडला. पण निघालो तेव्हा तो माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला.  मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "भाऊसाहेब, त्यो दांडा तेवढा ऱ्हाऊ द्या गाडीला. मंग पाखऱ्या आनखी तीन-चार वर्सं निघंल."

"म्हणजे तो उताराला गाडी धरत नाही? मागं रेटून थोपवत नाही?"

"आसं कुटं म्हनलं मी?" तो एकदम घाबरला. "धरतोय की. पन दांडा ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, "मग अमावास्येला बैठक आहे तिथं सांग साहेबांना."

"म्या कसा सांगनार?"

"तोंडानं! आणखी कशानं सांगतात?"

"तुमी सांगा की."

"मी ट्रेसर आहे बाबा. मला कोण विचारतो? ते तुम्हाला विचारतायत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब तुमच्यासारख्याला विचारतोय आणि तुझी दातखीळ बसते?"

तो मान हलवून परत गेला. माझा सूर तेव्हा फार वरचढ होता. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

अमावास्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून बैठक त्या दिवशी ठेवली होती. वर्कशॉपच्या शेडमध्ये सोळा गाडीवान आले आणि त्यांच्या पुढं त्यांचा मुकादम गोरक्ष. टोळी तोच आणायचा. पुढच्या हंगामाला कुणाला गाडी द्यायची आणि कुणाला नुसताच तोडणीचा कोयता, हे तोच ठरवायचा, आणि ते ठरवताना तो माणूस बघत नसे, बैल बघत असे. बायका कोप्यांवरच होत्या. त्यांना बोलवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, माझ्याही नाही.

गलांड्यांनी नकाशा भिंतीला लावला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. लोखंडाचा कोटा ठरलेला आहे. ब्रेक बसवला तर चाळीसच गाड्या होतील आणि साटा, म्हणजे ऊस भरायची गाडीची पाठ, जुन्याएवढीच राहील. ब्रेक काढला तर साठ गाड्या होतील आणि साटा दोन हात लांब होईल, खेपा कमी पडतील. "मी नकाशात ब्रेक दाखवलाय तो रबरी चाक उताराला जास्त पळतं म्हणून," ते म्हणाले. "पण तुमच्या बैलांना गाडी धरता येत असेल तर लोखंड वाया का घालवा? आता तुम्हीच सांगा. उताराला कुणाचे बैल गाडी धरत नाहीत?"

किती सरळ प्रश्न होता! मलासुद्धा तो सरळच वाटला. सहा बैलांच्या दावणीवर वाढलेल्या या माणसाला एवढं कळू नये की असला प्रश्न गाडीवानाला चारचौघांत विचारायचा नसतो? आपला बैल धरत नाही असं म्हणणं म्हणजे आपल्या पोराला सगळ्या गावादेखत नालायक म्हणणं. गलांड्यांच्या वडिलांना कुणी असं विचारलं असतं तर त्यांनीही एकच उत्तर दिलं असतं. पण गलांडे पुण्याला शिकून आले होते, आणि त्या शिक्षणात हे एवढं पुसलं गेलं होतं.

गोरक्ष आधी बोलला. "माज्या टोळीत न धरनारा बैलच न्हाई साहेब. आसला तर मी त्याला पाथर्डीतच ठेवून येतो."

झालं. मग एकेकानं सांगायला सुरुवात केली. माजे धरत्यात. माजे बी धरत्यात. माज्या बैलांनी तर गेल्या साली दोन गाड्या धरल्या. प्रत्येकजण आधीच्यापेक्षा जरा चढवूनच बोलत होता. सहादेव अकरावा होता. मी पेन्सिल हातात धरून त्याच्याकडं बघत होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"माजे धरत्यात," तो म्हणाला.

गलांडे खूश झाले. गाडीवानांनी मिळून निर्णय घेतला याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. थोरल्या साहेबांना सांगायला त्यांच्याकडं आता सोळा माणसांचं एकमत होतं. मला म्हणाले, "ब्रेक काढून टाका."

ट्रेसिंगच्या कागदावरची शाई रबरानं जात नाही. ब्लेडनं हळूहळू खरवडावी लागते, नाहीतर कागद फाटतो. मी दुपारभर बसून तो दांडा खरवडला. पाखऱ्याचा खाली गेलेला खुबा मला माहीत होता. मी उठून साहेबांना एवढंच सांगायला हवं होतं की साहेब, त्या अकराव्याला बाजूला घेऊन एकदा विचारा. दहा पावलांवर त्यांचं टेबल होतं. पण मी मनात म्हटलं, ज्याचं त्याला बोलायला नको, तर मी का बोलू? त्याच्या भित्रेपणाचा मला राग आला होता आणि त्या रागात मला स्वतःचा भित्रेपणा दिसला नाही.

बाहत्तर साली पाऊस झालाच नाही. पाथर्डीकडं विहिरी आटल्या आणि दिवाळीच्या आधीच माणसं जनावरं घेऊन इकडं आली. त्यांच्या बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आमच्या नव्या साठ गाड्या रंग देऊन तयार होत्या. लांब साटा, काळी कुळकुळीत टायरं. सहादेवलाही एक मिळाली. तो पाखऱ्याला घेऊन ती न्यायला आला तेव्हा मी वर्कशॉपच्या दारात होतो. त्यानं गाडीच्या उजव्या अंगाला, जिथं दांडा यायचा होता, तिथं नुसता हात लावून बघितला. मी आत निघून गेलो.

गाड्यांचं सगळीकडं कौतुक झालं. खेपा कमी झाल्या, रस्ते टिकले. दुसऱ्या एका कारखान्याचे लोक नकाशा बघायला आले आणि गलांड्यांनी त्यांना अभिमानानं सांगितलं, "आमच्या गाडीवानांनी ठरवलेली गाडी आहे ही."

कारखान्यापासून दोन मैलांवर एक ओढा आहे. तेव्हा त्याच्यावर पूल नव्हता. गाडी एका काठानं उतरायची आणि दुसऱ्या काठानं चढायची. आम्ही गाड्या रोज बघत होतो, पण त्या वजनकाट्यावर, सपाटीवर. ओढ्याच्या उतारावर मी किंवा गलांडे, आमच्यापैकी एकजणही एकदासुद्धा उभा राहिला नव्हता. हे वाचून कुणी तोंडात बोट घालील, पण ते असंच आहे. नकाशात गाडी समोरून काढतात, बाजूनं काढतात आणि वरून काढतात. मागून काढायची पद्धत नव्हती.

जानेवारीत एका सकाळी सायकलवरून एक माणूस धावपळीत आला. ओढ्यात गाडी गेली म्हणाला. आम्ही जीपनं निघालो.

गाडी ओढ्यात आडवी झाली होती. ऊस सगळा खाली सांडलेला. हरण्या जू मोडून एका बाजूला थरथरत उभा होता. पाखऱ्या दांडीखाली होता आणि त्याची मान वळायला नको तशी वळली होती. सहादेव त्याचं तोंड मांडीवर घेऊन बसला होता. रडत नव्हता. बैलाच्या डोळ्यावरची माशी हाकलत होता, आणि बैल केव्हाच मेला होता.

झुंबरबाई काठावर होती. दोन बायकांनी तिला धरलं होतं. पायाला लुगड्याची चिंधी बांधली होती आणि चिंधी रक्तानं भिजली होती. तिच्याजवळ बाभळीचा एक मोठा ओंडका पडला होता. ओंडक्याला जाड दोर आणि दोराचं दुसरं टोक गाडीच्या मागच्या आडव्या लाकडाला बांधलेलं.

"हा ओंडका कसला?" गलांड्यांनी विचारलं.

झुंबरबाईला धरून बसलेल्या बाईला हा प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "गाडीचा हाय. उतार आला की सोडायचा मागं. घासत येतो, मंग गाडीला जरा जड पडतं. ओढा चढला की काठालाच ठिवायचा."

"आणि पायाला कसं लागलं?"

"नुसत्या ओंडक्यानं ही टायरची गाडी कुटं थांबतीया? वर मानूस लागतं हुबं. ती हुबी हुती. गाडी पळाली, ओंडका उलाटला, आन् पाय दगडावर घावला."

"कोण उभं राहतं? नेहमी?"

"बायका ऱ्हातात की. सगळ्याच गाड्यांना हाय आसं."

गलांड्यांनी वर बघितलं, मीही बघितलं. उतारावर मागच्या गाड्या ओळीनं खोळंबल्या होत्या. प्रत्येक गाडीच्या मागं दोराला बांधलेला एक ओंडका होता, आणि प्रत्येक ओंडक्याजवळ एक बाई उभी होती. कुणी पदर खोचलेली, कुणी पोटुशी. त्या आमच्याकडं बघत होत्या, आम्ही वाट कधी मोकळी करतो म्हणून. धुळीनं त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते.

सोळाच्या सोळा जणांचे बैल उताराला धरत होते ते असे.

गलांडे तिथंच मातीत बसले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात कितीही कडू असलं तरी त्यांचं ते बसणं मी विसरलेलो नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की पाऊल वाचलं तरी पुन्हा सरळ पडणार नाही. गलांडे रोज जात होते, मीही जात होतो. तिसऱ्या दिवशी झुंबरबाईनं त्यांना सगळं सांगितलं. पाखऱ्याचा खुबा तीन वर्षांपूर्वी त्याच ओढ्यात निखळला होता. तेव्हापासून उतार आला की तो मागं रेटायचा सोडून पुढं पळायचा. लोखंडी धावेची गाडी होती तोवर तिची चाकं जड फिरायची म्हणून भागत होतं. नव्या गाडीला साटा लांब, ऊस जास्त आणि चाक गुळगुळीत. "ह्येंना म्या लई येळा म्हनलं, साहेबास्नी सांगा. तर म्हनायचे, पाखऱ्याची आब्रू घालवू का?" ती म्हणाली. "आता बैल बी गेला आन् पाय बी गेला. दुसऱ्या बाईचा तरी जाऊ नये साहेब. त्यो दांडा बसवा तुमी."

ती रडली नाही. पण माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी खिडकीकडं तोंड केलं.

गलांडे थोरल्या साहेबांकडं गेले. साठ गाड्यांना ब्रेक बसवायचा म्हणजे लोखंडाचा नवा कोटा, नवी परवानगी. थोरले साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "गेल्या वर्षी तुम्हीच मला सोळा जणांचं एकमत आणून दिलंत की ब्रेक नको. आता एका बाईच्या सांगण्यावरून बदलू म्हणता? गाडीवानांचे अंगठे आणा की बैल धरत नाहीत, ब्रेक हवा. उद्या वर पाठवतो." यात खोट काढायला जागा नव्हती. गलांड्यांचाच नियम त्यांना परत मिळाला होता.

पुढच्या अमावास्येला पुन्हा बैठक झाली. या वेळी गलांडे शहाणे झाले होते. गोरक्षाला त्यांनी ऑफिसात चहाला पाठवून दिलं. ब्रेकचा नवा नकाशा मी रात्रंदिवस बसून काढला होता, तो भिंतीला लावला. झुंबरबाईला टोळीतल्या बायकांनी उचलून आणलं आणि शेडच्या दारात पायरीवर बसवलं. शेवटी तिनंही बोलायचं असं ठरलं होतं. मला खात्री होती. आता सहादेवकडं लपवायला उरलंच काय होतं? बैल मेला, गाडी हातची गेली, पुढच्या हंगामाला नुसता कोयताच मिळणार हे ठरलेलं. ज्याचं सगळं गेलं तो माणूस खरं बोलतो, अशी माझी समजूत होती.

गलांडे म्हणाले, "ओढ्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ओंडक्यांचं मला आता कळलंय. तेव्हा मनात काही न ठेवता सांगा. बैलांना गाडी जड जाते ना?"

 मग पहिला म्हणाला, "सहादेवाचा पाय घसारला त्याला आमी काय करनार? आमचे धरत्यात." दुसरा म्हणाला, "ओंडका काय, सवय म्हनून आसतो." तिसऱ्यानं मान डोलावली. गोरक्ष तिथं नव्हता, तरी काही बदललं नाही. ते त्याला घाबरत होते ही माझी समजूत निम्मीच खरी होती. ते एकमेकांच्या डोळ्यांना घाबरत होते.

गलांड्यांनी थेट विचारलं, "सहादेव, तूच सांग. तुझा पाखऱ्या उताराला गाडी धरत होता का?"

सहादेव उभा राहिला. पंधरा माणसं त्याच्याकडं बघत होती. 

"धरीत हुता साहेब," तो म्हणाला. "त्याच्यावानी धरनारा बैल टोळीत न्हवता. म्याच कासरा ढिला सोडला. चूक माजी हाय."

"अरे, मग झुंबरबाई त्या ओंडक्यावर कशाला उभी होती?" गलांड्यांचा आवाज चढला होता.

सहादेव खाली बघत हसला. "तिला चालायचा कंटाळा हाय साहेब. लई आळशी हाय ती."

सगळे हसले. पोटातला दगड निघून गेल्यासारखे सगळे मोठ्यानं हसले. मला वाटलं, उठून याच्या एक थोबाडीत द्यावी. आणि त्याच वेळी हेही वाटलं की त्याला जवळ घ्यावं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

गलांडे दाराकडं वळले. "झुंबरबाई, तुम्ही सांगा. दवाखान्यात मला सांगितलंत तेच सांगा."

ती चौकट धरून उठली. पायावर भार येताच तिचा चेहरा पिळवटला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. त्याची दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकली होती. ती एवढा वेळ बघत राहिली की माणसांचं हसू विरून गेलं.

मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "मला चालायचा कंटाळाच हाय."

 गलांड्यांनी मला लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं: बैल गाडी धरतात, ब्रेकची मागणी नाही, अपघात गाडीवानाच्या चुकीनं. शाईची डबी पुढं सरकवली. सोळा अंगठे झाले. सतरावा कुणी मागितला नव्हता, पण झुंबरबाई बायकांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत टेबलापर्यंत आली आणि सहादेवच्या अंगठ्याशेजारी तिनं आपला अंगठा उमटवला.